'सिर्फ एक बंदा काफी है' पाहिला का? आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात अशी मुलगी उभी राहिली तर?

वैनगंगाकाठ

मंडळी, हा सिनेमा मे २०२३ मध्ये झी फाईव्हवर आला तेव्हाच तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मी उशिरा पाहिला, शाळेला सुट्या लागल्यावर. दिग्दर्शन अपूर्व सिंह कार्की यांचं, वकिलाच्या भूमिकेत मनोज बाजपेयी आणि मुलीच्या भूमिकेत अद्रिजा सिन्हा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाखो भक्त असलेल्या एका बाबाविरुद्ध एक अल्पवयीन मुलगी अत्याचाराची तक्रार देते. तिचे आईवडील त्याच बाबाचे भक्त. गुन्हा दिल्लीत नोंदवला जातो, खटला चालतो जोधपूरला. पहिला वकील पैशासाठी फुटतो. मग सेशन कोर्टात रोज उभा राहणारा सोलंकी नावाचा साधा वकील केस हाती घेतो आणि बाहेरून आणलेल्या एकेका नामांकित वकिलापुढे पाय रोवून उभा राहतो.

सिनेमात बाबाचं नाव घेतलेलं नाही, तरी खटला कोणता ते सगळ्यांना ठाऊक आहे. तक्रार ऑगस्ट २०१३ मधली. निकाल लागला २५ एप्रिल २०१८ ला. आसारामला मरेपर्यंत जन्मठेप झाली आणि भक्तांची गर्दी उसळेल म्हणून जोधपूरच्या तुरुंगातच कोर्ट भरवून निकाल वाचावा लागला.

हा धागा मी मुद्दाम आपल्या विदर्भातल्या लोकांसाठी काढते आहे. ती मुलगी शिकायला होती छिंदवाड्याच्या गुरुकुलात. सावनेरहून निघालं, सौंसर ओलांडलं की छिंदवाडा. तिकडच्या अर्ध्या लोकांची सोयरीक आपल्याकडे आहे. तिथून आईवडिलांना निरोप गेला की मुलीला बाहेरची बाधा झाली आहे, बाबांकडे न्यावं लागेल. शिकलेल्या घरातही हा निरोप खरा मानला जातो, हे मी वर्गात बसणाऱ्या मुलींच्या घरी पाहिलेलं आहे.

सिनेमा संपल्यावर घरातले सगळे वकिलाबद्दल बोलत होते. बाजपेयींनी काम तसंच केलं आहे, त्यात वाद नाही. पण माझ्या मते हा खटला त्या मुलीनं तोलून धरला. एकदा जे सांगितलं ते तिनं पाच वर्षं बदललं नाही. समोर मोठमोठे वकील, बाहेर भक्तांच्या घोषणा, साक्षीदारांवर हल्ले, आणि तरी तिचा जबाब तोच. वकील कितीही तयारीचा असू द्या, मुलगीच डगमगली असती तर त्याच्या हातात काय राहिलं असतं?

म्हणून विचारते. आपल्या तालुक्यातली एखादी मुलगी वजनदार माणसाविरुद्ध उभी राहिली, तर तिला शेवटपर्यंत उभं ठेवायला आजूबाजूला काय काय लागेल? सिनेमावर बोलाच, पण यावरही बोला.

पऱ्हाटीवाला

ताई, सिनेमा मीबी पाह्यला, दोनदा पाह्यला. पोरगी हिमतीची होती हे कबूल. पण मी थोडं वेगळं म्हनतो. तुमी वकिलाले बाजूले काढू नका. आमच्या इकडे पोरी हिमतीनं ठाण्यात जाते, बाप वावराचं काम टाकून सोबत जाते, अन् मंग दोन वर्षानं कोर्टात तिच्या बाजूनं बोलाले कोनी तयारीचा मानूसच नसते. सरकारी वकील बिचारा एकटा, टेबलावर फायलींचा ढीग. त्याले त्या पोरीचं नाव पुकारा झाल्यावर फायलीत पाहा लागते. समोरच्यानं नागपूरहून वकील आनला की आपल्या बापाचे पाय तिथंच लटपटते.

सिनेमातला वकील फी म्हनून पोरीचं हसू मागते, तो प्रसंग पाहून माह्या बायकोच्या डोयात पानी आलं. माह्याबी आलं. पन त्या भरोशावर कोनी बसू नये. असा मानूस नशिबानं भेटते. नाई भेटला तर काय, ते कोनी कायदा शिकेल मानसानं सांगावं.

काळाकोट

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिनेमात दिसतं त्यावरून लोकांना वाटतं की मुलीच्या बाजूचा वकील घरच्यांनी नेमायचा. तसं नाही. फौजदारी खटला सरकार चालवतं आणि पॉक्सोसाठी, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यासाठी, विशेष सरकारी वकील असतो. पण त्याच कायद्याचं कलम ४० मुलीच्या कुटुंबाला आपला वकील नेमायचा हक्क देतं. तो सरकारी वकिलाला साथ देतो, मुद्दे काढून देतो, जामिनाला विरोध करतो, लेखी युक्तिवाद देतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. बाई असेल किंवा मूल असेल तर उत्पन्नाची अट लागत नाही, वकील फुकट मिळतो. ही कचेरी बहुतेक ठिकाणी कोर्टाच्याच आवारात असते आणि गावातला माणूस तिच्यासमोरून जातो तरी आत जात नाही. नशिबानं सोलंकी भेटायची वाट पाहू नका, पहिल्या आठवड्यात हा अर्ज टाका.

दुसरी गोष्ट. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. जोधपूरची तक्रार त्यानंतर नऊ महिन्यांनी आली. म्हणजे तो कायदा तेव्हा अगदी कोरा होता. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि वर्दी न घालता. कोर्टात आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही, त्यासाठी पडदा लावता येतो. उलटतपासणीचे प्रश्न बचावाच्या वकिलानं न्यायाधीशांकडे द्यायचे, न्यायाधीशांनी मुलीला विचारायचे. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा प्रश्न चालत नाही. तिला वारंवार साक्षीला बोलावायचं नाही. साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा.

हे सगळं कायद्यात आहे. आपल्याकडच्या कोर्टांत पडदा कुठे लागतो, कुठे नाही. प्रश्न थेट मुलीच्या तोंडावर फेकले जाताना मी स्वतः पाहिलं आहे. त्या वेळी कोणीतरी उठून 'साहेब, कलम ३३' म्हणावं लागतं. एवढं म्हणणारा माणूस हजर हवा. सिनेमातला वकील मला भावला तो याचसाठी. तो ओरडत नाही, कलम दाखवतो.

भजनी_मंडळ

नमस्कार. मी वयानं मोठा आहे, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला लहानपणापासून जातो. मोझरीला पुण्यतिथी महोत्सवाला दरवर्षी जाणं होतं. मुलानं हा सिनेमा लावला तेव्हा मनातून मला नकोच होता. साधुसंतांची टवाळी चालली असेल असं वाटलं होतं.

शेवटच्या युक्तिवादात तो वकील शंकर-पार्वती आणि रावणाची गोष्ट सांगतो. रावणानं सीतेला पळवलं हे पाप, पण साधूचा वेष घेऊन पळवलं याला क्षमा नाही, कारण त्यानं सगळ्या जगाचा साधूवरचा विश्वास मारला. हे ऐकल्यावर मी ताठ उठून बसलो. तो वकील स्वतः देवभक्त दाखवला आहे, शंकराचा. सिनेमा श्रद्धेच्या विरोधात नाही, श्रद्धेच्या वतीनं बोलतो आहे, हे मला तिथं कळलं.

अमरावती जिल्ह्यानं दोन माणसं दिली, शेंडगावचे गाडगेबाबा आणि यावलीचे तुकडोजी महाराज. गाडगेबाबा कोणाला पाया पडू देत नसत, स्वतः झाडू घेऊन गाव झाडत. तुकडोजी महाराजांनी बुवाबाजीवर किती कठोर लिहून ठेवलं आहे. ज्या मातीत हे दोघं होऊन गेले, तिथल्या लोकांनी मुलीला 'महाराज बोलावतात' म्हटल्यावर एकटं पाठवावं, याची मला लाज वाटते. मंडळाच्या लोकांनी यावर उघड बोललं पाहिजे. माझ्यासारख्यांचं ऐकलं जाईल, तरुणांना 'नास्तिक' म्हणून गप्प करतील.

रानपाखरू

भजनी_मंडळ काका, तुमचं लिहिणं फार आवडलं. एक जोड देते. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला तो २० ऑगस्ट २०१३ ला, म्हणजे ही तक्रार झाली त्याच आठवड्यात. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला आणि वर्षाअखेर कायदा झाला. बाधा उतरवतो सांगून, अलौकिक शक्तीचा धाक दाखवून लैंगिक शोषण करणं त्यात वेगळा गुन्हा आहे. म्हणजे अशा प्रकरणात महाराष्ट्रात पॉक्सोच्या जोडीला हेही कलम लावता येतं. ठाण्यात ते आपण होऊन लावलं जाईलच असं नाही, मागावं लागतं.

आता मूळ विषय. मी गडचिरोलीकडची आहे. सिनेमा पाहताना माझ्या डोक्यात सतत देसाईगंज होतं. वडसा म्हणतो ना आपण, तेच. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर ड्युटीवरच्या पोलिसांनी अत्याचार केला. देशभर ते मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जातं. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. ती मजुरी करणारी, आईबाप नसलेली पोर. समोर वर्दी.

सेशन कोर्टानं १९७४ मध्ये आरोपींना सोडलं, तिची संमती होती म्हणून. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. धाकानं गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठानं म्हटलं. मग १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही म्हणून. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला अत्याचार वेगळा गुन्हा झाला. कोठडीत असलेल्या बाईनं संमती नव्हती म्हटलं तर कोर्टानं ते धरून चालायचं, असं ठरलं. सुनावणी बंद दाराआड व्हायला लागली. पीडितेचं नाव छापणं गुन्हा झाला.

जोधपूरच्या कोर्टात त्या मुलीला जे थोडं संरक्षण मिळालं, त्याची पहिली किंमत वडशाच्या पोरीनं मोजली होती. तिला स्वतःला काहीच मिळालं नाही. तिच्यासाठी कोणी एक सोलंकी सर्वोच्च न्यायालयात जिंकला नाही. मी शाळेत असताना, कॉलेजात असताना, आमच्याच जिल्ह्यात मला हे कोणी शिकवलं नाही. वैनगंगाकाठ ताई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगते, नववी-दहावीच्या मुलामुलींना हे सांगा.

झाडीपट्टी_पडदा

वडशाचं नाव निघालं म्हणून लिहितो, मी झाडीपट्टी रंगभूमीवर, म्हणजे आमच्या इकडच्या नाटकांत, काम करतो. आमच्या कंपन्यांची कार्यालयं सगळी वडशालाच. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की रात्रभर नाटकं. कोर्टाचा अंक असला की मंडप भरतो. वकिलानं हात उगारून भाषण ठोकलं की शिट्ट्या पडतात, लोक नोटा लावतात. म्हणून सांगतो, त्या मोहाला बळी न पडता काम करणं किती अवघड आहे ते मला कळतं. बाजपेयी मोठ्या वकिलाला पाहून आधी भारावतात, आदरानं वाकतात, आणि लगेच त्याच माणसाचा मुद्दा खोडतात. आवाज चढत नाही. हे नटाचं मोठं काम आहे.

तक्रार एकच. पाच वर्षं दोन तासांत बसवताना तारखा निसटल्या. पुकारा होतो, समोरचा वकील आजारी असल्याचा अर्ज येतो, पुढची तारीख पडते, मुलगी परत जाते. हे चारदा-पाचदा दाखवलं असतं तरी प्रेक्षक बसला असता. आमचा बसतो.

पुण्यातला_वऱ्हाडी

सिनेमा म्हणून मला शेवटचं भाषण लांबलं असं वाटलं, पार्श्वसंगीतही जास्त. बाकी सगळं मान्य. साक्षीदारांचं ते खरंच तेवढं झालं होतं का?

काळाकोट

झालं होतं. खटला चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले आणि २०१४-१५ मध्ये त्यातल्या तिघांचे जीव गेले. एका साक्षीदारानं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यातून महेंदर चावला विरुद्ध भारत सरकार हा निकाल आला, डिसेंबर २०१८ मध्ये, आणि देशभर साक्षीदार संरक्षण योजना लागू झाली. म्हणजे तोवर आपल्याकडे साक्षीदाराला संरक्षण देणारी देशव्यापी योजनाच नव्हती. आता जीवाला धोका असेल तर जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या समितीकडे अर्ज करता येतो. पोलिसांना धोक्याचा अहवाल द्यावा लागतो. गस्त, घराबाहेर पहारा, कोर्टात ने-आण, गरज पडली तर दुसरीकडे राहायची सोय, हे सगळं त्यात येतं. तालुक्यात हा अर्ज फार कमी जण करतात.

आपल्या गावात साक्षीदाराला गोळी घालायची वेळ क्वचित येते. सोसायटीचं पीककर्ज अडवलं, पोराचं कंत्राटी काम गेलं, विहिरीच्या प्रकरणावर सही झाली नाही, एवढ्यात माणूस फितूर होतो. त्याला कोणतं संरक्षण द्यायचं हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.

वैनगंगाकाठ

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं, आता माझा अनुभव सांगते. सिनेमात बचाव पक्ष मुलगी सज्ञान आहे असं दाखवायला बघतो, कारण अठराच्या वरची ठरली की पॉक्सो गळून पडतो. तो भाग पाहताना मी ताडकन उठले होते.

काही वर्षांपूर्वी मी शाळेची प्रभारी मुख्याध्यापक असताना अशाच एका खटल्यात मला समन्स आलं. मुलगी आमच्या शाळेतून चौथी झालेली. दाखल-खारीज रजिस्टर घेऊन कोर्टात हजर व्हा, एवढंच त्यात होतं. जुनं रजिस्टर, पानं सुटलेली, ते कापडात बांधून मी एसटीनं गेले. दुपारपर्यंत बाकड्यावर बसले. मग कठड्यात उभं केलं. सरकारी वकिलांनी नोंद वाचायला लावली, मी वाचली. जन्मतारीख १ जून.

बचावाचे वकील उठले. 'बाई, या पानावर १ जून तारखेच्या किती नोंदी आहेत?' मी पाहिलं. पानावर जवळजवळ सगळ्याच. 'ही तारीख कोणी सांगितली? वडील हजर होते का? वडिलांची सही किंवा अंगठा दाखवा. जन्माचा दाखला जोडला होता का? नोंद करणारे गुरुजी तुम्ही का?' मी नव्हते. ते गुरुजी केव्हाच निवृत्त होऊन वारले होते. प्रत्येक उत्तराला ते मान हलवायचे आणि न्यायाधीशांकडे बघायचे. मुलगी बाहेर आईजवळ बसली होती. तिनं जे सोसलं त्याबद्दल एक शब्दही झाला नव्हता आणि माझ्या रजिस्टरमुळे तिचा खटला हलायला लागला होता.

गावोगाव हेच आहे. दाखल करताना आई म्हणते, पावसाळ्याच्या तोंडावर झाली, गुरुजी १ जून लिहून मोकळे. वर्ष बसवायचं ते दात पडले का पाहून. वर्षानुवर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडतं ते अशा मुलीचं. माझ्या शाळेत आता ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि पालकाची सही असल्याशिवाय नोंद होत नाही. दाखला नसला तर मुलाला परत पाठवत नाही, दाखल करून घेतो आणि दाखल्याचा पाठपुरावा आम्हीच करतो. दुसऱ्या शाळांतल्या सहकाऱ्यांनाही हेच सांगत असते.

काळाकोट

बाईंनी फार नेमक्या जागेवर बोट ठेवलं. वय ठरवायचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपरिषदेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात आणि सोळा-सतराच्या मुलीला तेवढा फरक महागात पडतो. शाळेची नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली ते सिद्ध झालं नाही तर तिचं वजन कमी होतं. म्हणून दोन्ही कागद आणि दोन्हींवर एकच तारीख हवी.

पुण्यातला_वऱ्हाडी यांच्यासाठी आणखी एक. कायदा कागदावर चांगला असला तरी त्याचा अर्थ लावण्यात घसरण होऊ शकते. पॉक्सोच्याच प्रकरणात नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये कपड्यांवरून केलेला स्पर्श कलम ७ मधल्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही असं म्हटलं होतं. देशभर ओरड झाली. सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल फिरवला आणि स्पर्शामागचा लैंगिक हेतू पाहायचा असं स्पष्ट केलं.

पऱ्हाटीवाला

बाई, तुमचं वाचून मी आत्ताच पोरीचा दाखला काढून पाह्यला. शाळेत १ जून, ग्रामपंचायतीत १९ ऑगस्ट. उद्याच शाळेत जातो.

आशा_मोठ्या_गावची

मी आशा सेविका आहे. इथे लिहू का नको असं दोन दिवस करत होते. आमच्या भागातलं सांगते, गाव-नाव काही सांगणार नाही.

मुलगी नववीतली. माणूस असा की सोसायटी त्याच्या शब्दावर चालते, गावातल्या अर्ध्या बाया त्याच्या वावरात कामाला. मुलगी पहिल्यांदा बोलली ते माझ्याजवळ, सॅनिटरी पॅड वाटायला शाळेत गेले होते तेव्हा. मला प्रशिक्षणात सांगितलं होतं की कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिने शिक्षा आहे. खरं सांगते, त्या कलमानं मला बळ दिलं. सरपंच म्हणाले 'तुला काय करायचं', तेव्हा मी म्हटलं, मला कळवावंच लागते, नाहीतर मी आत जाईन.

गुन्हा नोंदला. तिसऱ्या दिवशी तंटामुक्तीवाल्यांनी वडिलांना बोलावलं. मिटवून टाका म्हणाले. दोन एकर वावर नावावर करून देतो, मुलीच्या लग्नाचं पाहतो. असा गुन्हा मिटवता येतच नाही हे तिथे एकालाही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून बोलत नव्हते. वडील खाली मान घालून बसले होते. शेवटी उठले अन् म्हणाले, 'मी इथं मिटवलं तर पोरगी माह्याकडे कोन्या तोंडानं पाहीन?' अन् निघून आले.

मग खरी परीक्षा सुरू झाली. मारहाण नाही, धमकी नाही. किराणावाल्यानं उधारी बंद केली. पिठाच्या गिरणीत डबा शेवटी ठेवायचे. कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्याकडे सकाळी मुकादमीन घरोघरी हाक मारते अन् बाया ॲपेनं वावरात जातात. तिच्या आईला हाक येणं थांबलं. आई ओढणी बांधून, डबा भरून दारात उभी राहायची, ॲपे समोरून निघून जायची. वेचणीचे दोन महिने गेले म्हणजे मजुराच्या घरात वर्ष गेलं.

एक दिवस गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं ॲपे थांबवली. मी तिथेच होते, लसीकरणाच्या याद्या घेऊन चालले होते. ती मुकादमिनीला म्हणाली, 'हिले घेत नसशीन तर मीबी उतरतो. माह्या बाजूची पात हिची.' मुकादमीन काही बोलली नाही, सरकून जागा केली. पुढे त्या दोघी एकमेकींच्या बाजूला वेचायच्या. बाकीच्या बाया आधी गप्प, मग हळूहळू बोलायला लागल्या. आईच्या हाताला काम मिळालं म्हणून त्या घराला तारखेवर जायला भाड्याचे पैसे राहिले. वकील, कलमं, सगळं बरोबर आहे. पण त्या म्हातारीनं ॲपे थांबवली नसती तर ते कुटुंब होळीच्या आधी गाव सोडून गेलं असतं, अन् गाव सोडलं की साक्षीला कोण येतंय.

पानठेलेवाल्यानं कोर्टात जबाब फिरवला. त्याच्यावर मी राग धरत नाही, त्याचा मुलगा त्याच माणसाच्या ट्रॅक्टरवर होता. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमची बदली झाली होती, त्या दूरवरून साक्षीला आल्या अन् एका शब्दानं हलल्या नाहीत.

भजनी_मंडळ

ताई, त्या माउलीला माझा नमस्कार सांगा. आमच्या मंडळाच्या येत्या बैठकीत मी हे नाव-गाव न घेता वाचून दाखवणार आहे. कुटुंबाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात स्वतंत्र गुन्हा आहे ना, काळाकोट?

काळाकोट

हो काका. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा कायदा २०१६ चा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. पण तो जातीनं, समाजानं, जातपंचायतीनं टाकलेल्या बहिष्कारासाठी. हाक मारणं थांबवलं, गिरणीत डबा मागे ठेवला, याला त्या कायद्यात बसवणं कठीण जातं. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी त्या समाजातला नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, त्यात मात्र आर्थिक-सामाजिक बहिष्काराचं कलम आहे.

आशाताई, मनोधैर्य योजनेचे, म्हणजे पीडितेला सरकार देतं त्या मदतीचे, पैसे मिळाले का? २ ऑक्टोबर २०१३ पासूनची योजना आहे, आता विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. निकालाची वाट पाहावी लागत नाही.

रानपाखरू

आणि शिक्षा झाली का, तेही सांगा ना. मुलगी आता काय करते?

पुण्यातला_वऱ्हाडी

ताई, कोणत्या तालुक्यातलं आहे हे? नागपूरला ओळखीचे पत्रकार आहेत, बातमी करता येईल.

आशा_मोठ्या_गावची

मनोधैर्यचा पहिला हप्ता मिळाला, उशिरा मिळाला, पण मिळाला. बँकेत मुलीच्या नावावर आहे. शिक्षा झाली. त्यानं नागपूर खंडपीठात अपील केलं आहे, ते चालू आहे. तारीख लागली की विधी सेवेच्या वकील मॅडम वडिलांना फोन करतात. मुलगी बारावी झाली, पुढे नर्सिंगला अर्ज केला आहे.

दादा, तालुका सांगणार नाही, बातमीही नको. शाळा, शेजार, नातेवाईक, ज्यावरून मुलगी ओळखू येईल असं काहीच छापायचं नाही, हे पोलिसांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पॉक्सोचं कलम २३. पत्रकारांना काही करायचंच असेल तर जिल्ह्यात विशेष सरकारी वकील किती, कोर्टात पडदा कुठे कुठे आहे, मनोधैर्यचे अर्ज किती दिवस पडून राहतात, यावर लिहायला सांगा. माहिती लागली तर आमच्या आशा संघटनेच्या बाया देतील.

पुण्यातला_वऱ्हाडी

बरोबर आहे ताई. तेच सांगतो त्यांना. वैनगंगाकाठ, काळाकोट, तुम्हा दोघांना निरोप पाठवतो आहे, कोर्टाकडून आणि शाळांकडून कोणती माहिती मागायची ते लिहून द्या, माहिती अधिकाराचा अर्ज मी इथून करतो.